गाठ नंबर चारशे सतरा

"बाबा, पीस नको, दौत नको, उगवता सूर्यही नको. मग पाहिजे तरी काय तुम्हाला?"

शिवांजलीने माझ्या दुकानाच्या काउंटरवर सहा कागद मांडले होते आणि ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक-एक खोडरबर ठेवला होता. गेवराईच्या बाजारपेठेत माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे, त्यामुळे खोडरबरांना तोटा नव्हता. सहाही कागदांवर माझं नाव होतं, विश्वेश्वर शेटे, आणि नावाशेजारी काही ना काही चिकटवलेलं होतं. कुठे मोराचं पीस, कुठे दौत, एका ठिकाणी तर पेटलेली समई. समईखाली माझं नाव वाचून मला उगाच स्वर्गवासी झाल्यासारखं वाटलं.

सन दोन हजार एक. दिवाळी नुकतीच उलटली होती. माझी मुलगी औरंगाबादला संगणकाच्या क्लासात शिकवत होती आणि तिने बापाची वेबसाइट काढायची हे नक्की केलं होतं. दोन कथासंग्रह आणि एक कादंबरी एवढा माझा संसार. त्यातल्या निम्म्या प्रती अजून दुकानाच्या माळ्यावर होत्या. पण पोरीचा उत्साह दांडगा. जगात कुठेही बसून माणूस तुम्हाला शोधू शकेल, असं ती म्हणायची. मला तर गेवराईतही कोणी शोधत नव्हतं.

"पीस कशाला लावायचं?" माझी बायको दानम्मा आतून म्हणाली. "हे काय मोर हायत का?"

"आई, तो लोगो असतो. लेखकाची खूण. लोकांनी ती पाहिली की नाव वाचायच्या आधी ओळखलं पाहिजे."

"मग पीस म्हणजे माझी खूण कशी?" मी म्हणालो. "मी उभ्या जन्मात पिसाने लिहिलं नाही. पेन्सिलीने लिहितो."

शिवांजली माझ्यासारखीच चिडकी आहे. तिने सहाही कागद गोळा केले आणि एकेक मुद्दा बोटावर मोजून दाखवला. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर गेली की त्यांचे चौकोन होतात, कारण तिथे आपला फाँट नसतो. म्हणून सगळंच चित्र करून टाकावं लागणार. म्हणून नाव आणि खूण कुणाच्या तरी हातून काढून घ्यावी लागणार. आणि ते महिनाभरात व्हायला पाहिजे. "तुमच्या ओळखीचा कुणी चित्रकार आहे का?"

"चित्रकार नाही," मी म्हणालो. "मार्का काढणारा एक माणूस आहे."

हे तोंडातून गेलं आणि मी उगाच खोडरबर गोळा करायला लागलो. कारण आसाराम लोंढ्याच्या दारात मी सतरा वर्षांत गेलो नव्हतो.

दुकान टाकण्याआधी मी एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होतो. ती जिनिंग आता बंद पडली, पत्रेसुद्धा विकले गेले. पण तेव्हा दिवाळीपासून होळीपर्यंत तिच्या दारात कापसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची. कापसातली सरकी वेगळी व्हायची, रुई प्रेसमध्ये दाबली जायची, आणि पट्ट्या आवळलेली, बारदानात गुंडाळलेली गाठ बाहेर पडायची. एकेक गाठ पावणेदोनशे किलोची. तिच्यावर मार्का आणि नंबर मारल्याशिवाय ती गाठ फाटकाबाहेर जात नसे. ते काम आसारामचं होतं.

तो पत्र्यातून अक्षरं कापायचा. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करायचा, त्यावर खिळ्याने आखायचा, आणि छिन्नीने अक्षर कोरायचा. कोरलेला पत्रा गाठीवर ठेवून काळ्या शाईचा कुंचा थोपटला की बारदानावर मार्का उठायचा. यात एक गोम असते. 'व' कोरताना त्याच्या पोटातला गोळा सुटून पडतो, म्हणून मधे पत्र्याची बारीक पट्टी ठेवावी लागते. आसाराम तिला पूल म्हणायचा. "आप्पा, अक्षराला पूल पाहिजे. न्हाई तर आतला माणूस बाहीर पडतो," असं तो मला सांगायचा. मी वाण्याच्या, दुकानदाराच्या घरातला, म्हणून वयाने चौदा वर्षांनी लहान असूनही त्याच्यासाठी आप्पा.

आणि आमची एक रीत होती. गाठ काट्यावरून उतरली की मी वहीत पाहून नंबर मोठ्याने पुकारायचा. प्रेसच्या आवाजात ऐकू जावं म्हणून अगदी बेंबीच्या देठापासून. आसारामने आकड्यांचे पत्रे बदलायचे, तोच नंबर तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा, आणि मगच कुंचा लावायचा. परत आवाज आला नाही तर गाठीला हात लावायचा नाही. मार्का उठला की तो वाकून शाईवर फुंकर मारायचा. गाठी दिवसाला शंभर असोत की दीडशे, त्याची फुंकर कधी चुकली नाही.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं सरकीच्या ढिगाला पाठ लावून जेवायचो. जेवण झालं की मी कानावरची पेन्सिल काढायचो आणि काटापट्टीच्या, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीच्या, कोऱ्या बाजूला लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचो. माझा पहिला वाचक तोच. वाचक म्हणण्यापेक्षा ऐकणारा, कारण त्याला अक्षरं कोरता येत होती, पण वाचायची त्याला फार सवय नव्हती. आवडलं नाही की तो सरळ म्हणायचा, "हे खोटं वाटतंय, आप्पा. बाई अशी बोलत न्हाई." आणि त्याचं बरोबर असायचं. त्याच्या आईच्या गोष्टी ऐकून मी एक कथा लिहिली होती, त्यातली म्हातारी जशीच्या तशी त्याची आई होती, नावासकट. धोंडाबाई.

चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत एका दुपारी आसारामचा अंगठा पत्र्याच्या धारेने कापला. रक्त थांबेना, म्हणून तो नळावर गेला. प्रेस काही कुणाच्या अंगठ्यासाठी थांबत नाही. गाठ समोर येऊन पडली आणि मी कुंचा हातात घेतला. डोक्यात कथेचा शेवट घोळत होता. मीच पुकारणारा आणि मीच मारणारा, त्यामुळे परत आवाज येणार कुठून? मी पुकारलंच नाही. आधीच्या गाठीचे आकडे पत्र्यात होते तसेच राहिले आणि मी तेच मारले. पुढच्या गाठीला जागा झालो, वही पाहिली, चारशे एकोणीस मारला. तेवढ्यात आसाराम अंगठ्याला चिंधी बांधून आला आणि त्याने कुंचा माझ्या हातातून घेतला.

महिन्याने कापडगिरणीचं पत्र आलं. चारशे सतरा नंबरच्या दोन गाठी मिळाल्या, चारशे अठराची मिळालीच नाही. एक गाठ मधल्या मधे कुठे गेली? पुरावा म्हणून दोन्ही गाठींवरची नंबराची फडकी कापून पाठवली होती. मॅनेजर अर्जुनरावांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि ती फडकी टेबलावर टाकली. माझ्या वहीत चारशे अठरा बरोबर होता. म्हणजे चूक मार्कावाल्याची. मला त्या क्षणी सगळं आठवलं. अंगठा, नळ, कथेचा शेवट, सगळं.

मी हंगामी होतो. कायम करण्याची माझी ऑर्डर त्याच आठवड्यात निघायची होती. शिवांजली नुकतीच शाळेत जायला लागली होती. मी गप्प उभा राहिलो.

आसारामने दोन्ही फडकी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "माझाच हात हाय, साहेब."

त्याला मार्क्यावरून काढून सरकी उपसायच्या कामावर टाकलं. धूळ, उष्मा, नाकातोंडात तंतू. चार वर्षं तो तिथे होता आणि मग खोकल्यामुळे काम सोडून तलवाड्याला आपल्या गावी गेला. मी कायम झालो, पुढे हेडक्लार्क झालो. मी स्वतःची समजूत घातली होती, की दिवसाला शंभर गाठी मारणाऱ्या माणसाला ती चूक खरंच स्वतःचीच वाटली असणार. ही समजूत फार सोयीची होती. मी तीच पांघरून सतरा वर्षं झोपलो.

"मार्का काढणारा कुठे राहतो?" शिवांजलीने विचारलं.

"तलवाड्याला," मी म्हणालो. "मी जातो. तू नको येऊस."

जीपमध्ये बसल्यापासून मी एकच वाक्य मनात घोळवत होतो. आसारामभाऊ, तो आकडा मी मारला होता. एवढंच. तीन पुस्तकं लिहिलेल्या माणसाला एक वाक्य जड का जावं? पण जीप तलवाड्यात पोचेपर्यंत त्या वाक्याचे मी दहा तुकडे करून पाहिले आणि एकही तोंडात बसेना.

आसाराम अंगणात बाजेवर बसला होता. वाळला होता. एका डोळ्यावर ढग आल्यासारखं पांढरं साचलं होतं. त्याने मान तिरकी करून दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोण, आप्पा? या की. छबू, अगं आप्पा आलेत. जिनिंगातले."

छबुबाईंनी पदर सावरत घोंगडी झटकून टाकली. "लई दिसानी वाट सापडली," त्या म्हणाल्या. बोलणं गोडच होतं, पण मला लागायचं तिथे लागलं.

मी वेबसाइट म्हणजे काय ते समजावून सांगायचा प्रयत्न केला. मलाच धड समजलेली नव्हती, पण आसारामने मधेच हात वर केला.

"म्हंजे तुमचं लिहिलेलं गावोगाव जाणार. आन् कुणाचं हाय ते कळाया मार्का पाहिजे. असंच न्हवं?"

सहा कागद आणि दोन दिवस घालवून शिवांजलीला जे मला पटवता आलं नव्हतं, ते त्याने एका दमात सांगितलं.

"कोरता येईल का पण? डोळा..."

"ह्या डोळ्याची तारीख मिळाली हाय बीडला. पर मार्का काय डोळ्यानं कोरतेत व्हय? बोटाला दिसतंय." त्याने उजव्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. तिथे जुना वण होता. "खूण काय टाकू?"

"तुम्हाला सुचेल ते. पीस नको फक्त."

तो हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी खाली मान घालून बसलो. त्या खोकल्यातला निम्मा माझा होता.

"आन् नंबर?" त्याने विचारलं.

"नंबर कशाला? नाव आणि खूण, बस्स."

"बिननंबरी गाठ म्हंजे चोरीची गाठ, आप्पा. कुणाला फाटकाबाहीर सोडलंय का आपण तशी?"

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं. "आसारामभाऊ, मला एक सांगायचं होतं..." आणि छबुबाई चहा घेऊन आल्या. कपबशी हातात आली, साखर कमी-जास्त झाली का विचारून झालं, आणि माझं वाक्य चहात विरघळून गेलं. खरं सांगायचं तर चहाचा काही दोष नव्हता. मी तो बहाणा दोन्ही हातांनी धरला. निघताना पुढच्या शुक्रवारी येतो म्हणालो.

तो शुक्रवार उजाडेपर्यंत मला दानम्माने दोनदा विचारलं, की तब्येत बरी आहे ना.

आसारामने पत्रा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. उघडला आणि पहिल्यांदा मला हसूच आलं. शिवांजलीला पडद्याच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढी खूण पाहिजे होती, हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. त्याने हातभर लांबीचा पत्रा कोरला होता. गाठीवर मारायच्या मापाचा. त्याच्या जगात मार्का तेवढाच असायचा, लांब उभ्या मालमोटारीतून दिसेल एवढा.

पत्र्यावर वर एक कान होता. दोन वळणांत काढलेला साधा माणसाचा कान, आणि त्याच्यावर तिरपी टेकवलेली पेन्सिल. खाली नाव, विश्वेश्वर. तिन्ही 'व'च्या पोटात नेमके पूल ठेवलेले. इतकी वर्षं मी आरशात पाहतोय, पण मी असा दिसतो हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

आणि नावाखाली, जिनिंगच्या सुबक, ठसठशीत आकड्यांत, ४१७.

मी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"नंबर तुमी सांगितला न्हाई," आसाराम म्हणाला. "म्हून मीच घातला. तुमचा तेवढाच येक नंबर मला ठावं हाय."

"आसारामभाऊ," मी म्हणालो, आणि या वेळी चहा नव्हता, "तो आकडा मी मारलता."

"ठावं हाय."

"कवापासनं?"

"अर्जुनरावानं फडकी टेबलावर टाकली तवापसनं. तुमी डावखुरे. डाव्या हातानं कुंचा लावला की शाई पत्र्याखाली डाव्या अंगाला पळती. येक फडकं माझं व्हतं, येक तुमचं. आंधळ्यालाबी कळलं असतं. अर्जुनरावाला न्हाई कळलं, ते साहेब व्हते."

"मग तुम्ही बोलला कावून न्हाईत?"

आत छबुबाई ज्वारी पाखडत होत्या, त्या सुपाचा आवाज थांबला. त्यांनाही ऐकायचं होतं.

"मी पर्मनंट व्हतो," आसाराम म्हणाला. "मला फार तर हलवतील, काढणार न्हाईत. तुमाला तर त्याच दिशी फाटकाबाहीर घातलं असतं. हिशेब सोपा व्हता. आन् माझ्या मायचं नाव तुमी छापाया धाडलं व्हतं. धोंडाबाई. माय जल्मभर लोकाच्या रानात निंदत मेली, तिचं नाव कुठल्या कागदावर न्हाई. नोकरी गेल्यावर तुमी काय लिहिणार व्हता? बापाच्या दुकानात गूळ तोलत बसला असता."

मी त्याचे पाय धरायला वाकलो तर त्याने माझा खांदा धरून मला वर ओढलं. म्हाताऱ्याच्या हातात अजून जोर होता.

"पाया नका पडू. राग आलता मला, खोटं कशाला सांगू? सरकीत टाकल्याचा न्हाई. चार वर्सं मी त्याच जिनिंगात व्हतो, आप्पा. तुमच्या हापिसापासनं पन्नास पावलं. दुपारची सुट्टी रोज व्हायची. तुमी येकदाबी वही घिऊन आला न्हाईत."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. चूक मला माहीत होती, भित्रेपणा माहीत होता. पण तो तिकडे ढिगाला पाठ लावून रोज दुपारी माझी वाट पाहत असेल, हे मी स्वतःला कधी सुचू दिलं नाही. मी रडलो. लेखक म्हणून रडण्याची वर्णनं मी पुष्कळ केली आहेत, पण खरं रडताना नाकही गळतं, ते कधी लिहिलं नव्हतं. छबुबाईंनी बाहेर येऊन मला पाण्याचा तांब्या दिला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "झालं का मन मोकळं तुमचं? लेकराला रडवलं." मी बावन्न वर्षांचा होतो.

पत्रा दुकानात आणला. जुनं बारदान धुऊन वाळवलं, त्यावर मार्का मारला, फोटोग्राफरकडून फोटो काढून घेतला, आणि शिवांजलीने तो औरंगाबादला नेऊन संगणकात चढवला. रात्री तिचा एसटीडीवरून फोन आला.

"बाबा, कान तर भन्नाट आहे! क्लासातल्या सगळ्यांना आवडला. फक्त खालचा आकडा काढून टाकते हं. लोकांना वाटेल घर नंबर आहे."

"काढू नको."

"अहो, पण त्याचा अर्थ काय?"

मग मी तिला सांगितलं. मुलीला असं काही सांगणं फार अवघड असतं. आपण तिच्यासमोर पन्नास वेळा खरं बोलण्याचे धडे दिलेले असतात.

"म्हणजे माझं शिक्षण त्याच नोकरीवर झालं," ती म्हणाली.

"हो. तुझं शिक्षण, माझी पुस्तकं, सगळं."

"मग आकडा राहू दे," शिवांजली म्हणाली. "पण बाबा, तो काय आहे ते लिहून द्या. ओळखीच्या पानावर तेच टाकू. जन्म, शिक्षण, पुरस्कार हे सगळे टाकतात. तुम्हाला तसेही पुरस्कार नाहीत."

मी लिहायला बसलो. आयुष्यात एवढा छोटा मजकूर लिहायला मला कधी आठ दिवस लागले नव्हते. त्यात कुठे खोटं वाटतंय का, हे पाहायला मी तो आसारामच्या कानाने पुन्हा पुन्हा ऐकत होतो.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आसारामची डोळ्याची तपासणी बीडला होती. मी त्याच्यासोबत गेलो. शिवांजली औरंगाबादहून परस्पर आली. तपासणी आटोपल्यावर आम्ही त्याला बसस्टँडसमोरच्या इंटरनेटच्या दुकानात नेलं. प्लायवूडचे खोके करून आत एकेक संगणक ठेवलेला. चपला बाहेर काढायच्या. आसारामने चपला काढल्या आणि देवळात शिरावं तसा वाकून आत आला.

पान उघडायला फार वेळ लागला. वरून खाली, एकेक ओळ करून चित्र उतरत होतं. आधी पेन्सिलीचं टोक, मग कान, मग नाव.

"दिसतंय का, आसारामकाका?" शिवांजलीने विचारलं.

"काळं काळं दिसतंय, पोरी. कान कळतोय. वाच की काय लिहिलंय ते."

शिवांजली वाचायला लागली, तर आसारामने तिला हाताने थांबवलं. "तू नको. त्यांला वाचू दे."

मी कानावरची पेन्सिल काढली. ती कशासाठी काढली, मला माहीत नाही, जुनी सवय. आणि सतरा वर्षांनंतर मी त्याला वाचून दाखवलं.

"या खुणेखालचा आकडा माझ्या चुकीचा आहे. मी तो एका गाठीवर चुकून मारला आणि गप्प राहिलो. आसाराम लोंढे यांनी तो आपल्या हातचा आहे असं सांगितलं. त्यामुळे माझी नोकरी राहिली आणि त्यांची गेली. माझं जे काही छापून आलं, ते त्यानंतर आलं. ही खूण त्यांनीच कोरली आहे. त्यांच्या आईचं नाव धोंडाबाई."

आसाराम मान तिरकी करून ऐकत होता. वाचून झाल्यावर मी थांबलो. जिनिंगमध्ये थांबायचो तसा, निकालासाठी.

"येक खोटं हाय त्यात," तो म्हणाला.

"कुठलं?"

"नोकरी गेली न्हाई माझी. मी सोडली." मग मान हलवून म्हणाला, "बाकी बराबर हाय. मायचं नाव शेवटाला घातलं ते ब्येस केलं."

शिवांजलीने तिथल्या तिथे ते वाक्य दुरुस्त करायचं कबूल केलं आणि कागदावर टिपून घेतलं. आसाराम खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ सरकला. नाक काचेला लागेल एवढा.

"नंबर दिसंना मला," तो म्हणाला. "बराबर उठलाय का? पुकारा की, आप्पा."

दुकानात सात-आठ जण आपापल्या खोक्यात बसले होते. कुणी नोकरीचे अर्ज भरत होतं, कुणी क्रिकेटचा स्कोअर पाहत होतं. मी घसा साफ केला आणि प्रेसच्या आवाजावर मात करायला काढायचो तसा आवाज काढला.

"चारशे सतरा!"

सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. काउंटरवरचा माणूस उठून उभा राहिला. आसाराम ताठ बसला होता. त्याने श्वास भरून घेतला, खोकला आवरला, आणि तितक्याच मोठ्याने परत म्हणाला,

"चारशे सतरा!"

मग पुढे वाकून, शाई वाळावी म्हणून, त्याने पडद्यावर हळूच फुंकर मारली.